मुखपृष्ठ नसलेली कादंबरी

प्रिय मैना,

तुझी चिठ्ठी सोमवारी मिळाली. चारच ओळी, पण तुझ्या हातच्या, म्हणून आधी नुसतं अक्षरच बघत बसले. मग मजकूर वाचला. ती मुखपृष्ठ नसलेली कादंबरी शुक्रवारपर्यंत पाठव, संपादक हटून बसलेत, पुस्तक टेबलावर आल्याशिवाय पुढचं सदर छापणार नाही म्हणतात, माझी अब्रू तुझ्या हातात आहे. बस्स. कशी आहेस, काय चाललंय, काही नाही. इतक्या वर्षांत तुझं काही माझ्या हातात आहे असं तू पहिल्यांदाच कबूल केलंस, तेव्हा मी हुरळून जायला हवं होतं. पुस्तकाचं सांगतेच. पण सावकाश सांगणार आहे. फोनवर तू मला वीस मिनिटं देतेस. पत्राला ते बंधन नाही, आणि मध्येच 'बरं, पुढे?' म्हणून मला हाकायची सोयही तुला नाही.

तू माझ्या कामाच्या खोलीत शेवटची आलीस त्याला सहा वर्षं झाली. खोली तीच आहे. ग्रंथालयाचं तळघर, जिन्याखालची जागा, एकच खिडकी आणि तीही रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे दिवसभर मला लोकांचे फक्त पाय दिसतात. टेबल, पुस्तकं दाबायचा शिकंजा, खळीचं भांडं, मेण लावलेला दोरा. पुस्तकं माझ्याकडे येतात ती आजारी पडल्यावर. कुणाचा कणा मोडलेला, कुणाची पानं सुटलेली, आणि निम्म्यांना तर तोंडच नसतं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली आठ-दहा पानं गेलेली. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, पत्ता नाही. खळ वाळेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा मी ती वाचते. तीस वर्षं अशीच वाचत आले. लेखकाचं नाव माहीत नसलं की मत स्वच्छ होतं, असं तू एकदा आपल्या वाचक मंडळात म्हणालीस आणि लोकांनी माना डोलावल्या. ते मी म्हणाले होते, तिथे येताना, रस्त्यात. पण ते जाऊ दे.

या महिन्यात काय वाचलं, तेही सांगून टाकते, नाहीतर तुला पत्र अर्धवट वाटेल. एका जहाजावरच्या आचाऱ्याच्या आठवणी आल्या होत्या. माणूस चाळीस वर्षं समुद्रावर राहिला आणि पुस्तकभर कांदे कापतो. वादळाचं एकच पान, तेही भांडी घसरली म्हणून. मला फार आवडलं. ज्याला आपल्या कामापलीकडे काही दिसत नाही, तो खोटं तरी लिहीत नाही. मग एक रहस्यकथा आली, शेवटची सोळा पानं नसलेली. खुनी कोण ते कळलं नाही आणि काही बिघडलंही नाही. ज्याला सगळे देवमाणूस म्हणत होते, त्याच्यावर माझा संशय कायम आहे. आणि एक विटेएवढी जाड कादंबरी, तीन पिढ्यांची. लेखकाला एकाही माणसाला मारवत नाही, त्यामुळे पुस्तक काही संपत नाही. ती मी मंडळातल्या नर्सबाईंना मुळीच सुचवणार नाही.

नर्सबाई अजून येतात. मंडळ चालू आहे, तुझ्यावाचून बंद पडलं असेल अशी तुझी समजूत असेल तर ती काढून टाक. महिन्याचा दुसरा रविवार, चष्मेवाल्याच्या दुकानाची माडी, भिंतीवर तोच मोठ्यापासून बारीक होत जाणारा अक्षरांचा तक्ता. नियमही तेच, पाच मिनिटं आणि तीन गोष्टी: काय वाचलं, काय वाटलं, कुणी वाचावं. चष्मेवाल्याची पहिली तक्रार अजून टाइपाच्या आकाराची असते. नर्सबाई पहिल्या वीस पानांत कुणी मेलं नाही तर पुस्तक परत देतात. दिवसभर माणसं जगवून कंटाळा येतो म्हणतात. आपले निवृत्त मुख्याध्यापक न वाचलेल्या पुस्तकांवरही तितक्याच अधिकाराने बोलतात. तुझ्या खुर्चीवर आता लोक छत्र्या ठेवतात.

त्या माडीवर मी पहिल्यांदा बोलायला उभी राहिले, तो दिवस तुला आठवत असेल. दहा माणसं होती फक्त. हातात पुस्तक होतं, कागदावर सात मुद्दे लिहून आणले होते, आणि घसा असा बंद झाला की एक शब्द फुटेना. सगळे वाट बघत होते. चष्मेवाल्याने पाण्याचा पेला पुढे केला. तेव्हा तू उठलीस. आम्ही दोघींनी वाचलंय, मी सांगते, असं म्हणालीस आणि माझ्या हातातला कागद हळूच घेतलास. तू काय सुरेख बोललीस. माझे सात मुद्दे तुझ्या तोंडून ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की ते चांगले होते. परत जाताना जिन्यात मी तुझा हात धरून रडले. तो उपकार मी विसरलेले नाही. हे आताच लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात ते हरवून जाईल.

मग तेच आपलं ठरून गेलं. मी वाचायचं, तू बोलायचं. दुसऱ्या रविवारी मी तासभर आधी निघायचे, तू कोपऱ्यावर भेटायचीस, आणि माडीपर्यंतच्या रस्त्यात मी तुला पुस्तक सांगायचे. कुठे हसले, कुठे चिडले, कुठलं पात्र लेखकाने वाऱ्यावर सोडलं. टाचणी हे नाव तू मला शाळेतच ठेवलं होतंस. टोचते पण पानं एकत्र ठेवते, असं म्हणायचीस. त्या रस्त्यात माझी जीभ खरंच चालायची, कारण ऐकायला तू एकटी असायचीस. पहिली तीन-चार वर्षं तू मंडळात 'आम्ही वाचलं' म्हणायचीस. मग कधीतरी 'मी वाचलं' म्हणायला लागलीस. मी चष्मेवाल्याच्या तक्त्याकडे बघत बसायचे. कुणीतरी माझ्याकडे वळून विचारायचं, तुम्ही काही वाचत नाही का, आणि मी हसून मान हलवायचे. वाईट वाटायचं, मैना. पण तुझ्या तोंडचं काढून घेणं मला जमणारं नव्हतं, आणि ते का जमणारं नव्हतं हे मला तेव्हा कळत नव्हतं.

नंतरचं तुला माहीतच आहे. संपादक एकदा पाहुणे म्हणून आले, तुझं बोलणं ऐकून गार झाले, आणि तुला रविवारचं सदर मिळालं. फोटोसकट. तू शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलीस, मंडळ सुटलं, आणि आपला रस्ता फोनवर आला. दर गुरुवारी दुपारी साडेचार, कारण शुक्रवारी सकाळी तुला मजकूर द्यायचा असतो. फोन उचलला की तुझं पहिलं वाक्य ठरलेलं: काय वाचलंस? मी सांगत जाते आणि पलीकडे तुझ्या बोटांखालची बटणं टकटक वाजत राहतात. मी थांबले की तीही थांबतात. रविवारी मी पेपर उघडते आणि माझं बोलणं तुझ्या फोटोखाली वाचते. तू ते नेटकं करतेस, हे मान्य करते. माझा एखादा टोचरा शब्द तू काढून टाकतेस आणि तिथे 'काहीसे', 'बहुधा' असं काहीतरी मऊ घालतेस. मला वाचताना नेमकी ती जागा कळते.

आता त्या गुरुवारचं. सात आठवड्यांपूर्वीचा. फोन मी केला होता, तू नाही, आणि साडेचारच्या थोडा आधी. तुझ्या ते लक्षातही आलं नसेल. त्या दिवशी मी तुला जी गोष्ट सांगितली ती तू सदरात दीड रकाना लिहिलीस, तरी पुन्हा सांगते, कारण तू बरंच गाळलंस. एक बाई आहे. पन्नाशी ओलांडलेली. तिचा नवरा नकाशे काढणाऱ्या कचेरीतून निवृत्त होतो, समारंभ होतो, साहेब येतात, नातेवाईक येतात. नवरा भाषणात सांगतो की नोकरीच्या इतक्या धबडग्यातही मुलीला सायकल मी शिकवली, मागे धावून धावून. आणि बाई, आयुष्यात कधी नाही ती, बसल्या जागेवरून हसून बोलून जाते: अहो, तुम्ही तेव्हा दौऱ्यावर होता, मागे मी धावत होते, मनगट मोडलं ते माझं. सगळे हसतात. साहेबसुद्धा. नवराही हसतो. घरी येऊन तो कपडे बदलतो, आणि त्या संध्याकाळपासून तिच्याशी बोलणं बंद करतो.

भांडण नाही, हात उगारणं नाही. मिठाची गुळणी धरून बसतो एवढंच. शेजाऱ्यांशी बोलतो, मुलीशी फोनवर अर्धा अर्धा तास बोलतो, दूधवाल्याची चौकशी करतो, खिडकीत येणाऱ्या मांजराशी तर लाडाने बोलतो. बाई खोलीत आली की वाक्य तिथेच थांबतं. काही हवं असेल तर कागदावर लिहून टेबलावर ठेवतो, 'औषध संपले' इतकंच, आणि तेही वळणदार अक्षरात. पाहुणे आले की तो तिच्याकडे बघून हसतो, तिला आधी वाढा म्हणतो, म्हणून पाहुणे म्हणतात की बाई नशीबवान. पहिल्या महिन्यात ती माफी मागते. तिसऱ्या महिन्यात ओरडते, हो, ओरडते, हे तू गाळलंस. सहाव्या महिन्यात ती स्वतःशी मोठ्याने बोलून बघते, आवाज आहे ना अजून म्हणून. कामावर एकटी असली की ती समोरच्या यंत्राला पान वाचून दाखवते. चौदाव्या महिन्यात बॅग भरते.

इथे मी थांबले होते. बटणांचा आवाजही थांबला. मग तू म्हणालीस, अगं शेवट सांग ना लवकर, मला पाठवायचंय. मी म्हणाले, ती बॅग घेऊन जिन्याच्या पायरीवर तासभर बसते आणि परत घरी जाते. तू विचारलंस, पुस्तकाचं नाव काय, लेखक कोण. मी म्हणाले, मुखपृष्ठ नाही, पहिली पानं नाहीत. तुला त्यात नवल वाटायचं काहीच कारण नव्हतं. माझ्याकडची निम्मी पुस्तकं तशीच असतात.

सदर छान झालं. 'मुखपृष्ठ नसलेली कादंबरी' हा मथळा तुझा, त्याचं श्रेय तुझंच. भाषेचा संयम तुला आवडला, टेबलावरच्या चिठ्ठ्यांचा तपशील आवडला. नायिका मात्र आवडली नाही. बाई फार कंटाळवाणी आहे, असं लिहिलंस. खरी बाई अशी चौदा महिने गप्प बसणार नाही, ती भांडी आपटेल, चार लोकांत बोलेल. लेखक बहुधा पुरुष असावा आणि त्याला बायका कळलेल्या नाहीत. शेवट तर अगदीच गुळमुळीत. मला हे वाचताना पहिल्यांदा हसू आलं. तीस वर्षांत तू एका पुस्तकाबद्दल स्वतःचं मत दिलंस आणि ते नेमकं हे निघालं.

मग पत्रांचा पाऊस पडला तो तूच मला कौतुकाने फोनवर वाचून दाखवलास. एका बाईंनी ही कादंबरी माहेरी कपाटात होती असं कळवलं. एका गृहस्थांनी लेखकाचं नाव ओठांवर आहे पण आठवत नाही असं लिहिलं. आपल्या मुख्याध्यापकांनी तर कॉलेजात असताना ती वाचल्याचं लिहिलं आणि दुसरा भाग पहिल्याइतका जमलेला नाही, असा निकालही देऊन टाकला. एक प्रकाशक नव्याने छापायला तयार झाला. आणि कुणीतरी एकाच शहाण्याने संपादकांना विचारलं, हे पुस्तक प्रत्यक्ष कुणी पाहिलंय का? म्हणून तुला आता ते शुक्रवारपर्यंत हवंय.

पुस्तक नाही, मैना. तळघरात नाही, शिकंज्यात नाही, माहेरच्या कपाटात नाही. कुणी ते लिहिलेलं नाही. समारंभ गेल्या वर्षीचा, तुला निमंत्रण होतं, तू बाहेरगावी होतीस. नकाशांची कचेरी आमच्या यांची. माझं मनगट तुला ठाऊक आहे. पट्टी बांधलेली असताना माझी वेणी तूच घालायचीस. मला वाटलं होतं की सायकल आली की तुला कळेल. सायकलपाशी बटणं क्षणभर थांबलीही, मी कान देऊन ऐकत होते. मग तू विचारलंस, समारंभाला माणसं किती होती असं लिहिलंय?

आमच्या यांनी ते सदर वाचलं. दर रविवारी वाचतात, तुझे चाहते आहेत. वाचून झाल्यावर दारात उभं राहून शेजाऱ्यांना सांगत होते की बाईंनी चोख लिहिलंय, नायिका अगदीच लेचीपेची आहे, आणि असा नवरा काय कुठे असतो. शेजारी म्हणाले, लेखक लोक काहीही लिहितात. मी आत खुर्चीत बसून ऐकत होते. मला वाटलं, निदान आज ते आत येऊन माझ्याकडे बघतील. आत आले, कागद घेतला, 'साखर संपली' लिहिलं आणि टेबलावर ठेवलं. तुम्हा दोघांची मतं इतकी जुळतात हे मला आधी माहीत असतं, तर त्यांच्या शेजारी बसून तुझं कौतुक करण्यात मी इतके रविवार घालवले नसते.

संपादकांना काय सांगायचं ते तू ठरव. खरं सांगितलंस तर सदर जाईल, खोटं सांगितलंस तर शोधत राहतील. मी तोंड उघडणार नाही. त्याची काळजी तुला कधीच करावी लागलेली नाही. गुरुवारी साडेचारला मात्र फोन करू नकोस, मी उचलणार नाही. दुसऱ्या रविवारी मी माडीवर उभी राहणार आहे, जहाजावरचा आचारी सांगायला. घसा बंद झाला तर बंद झालेला बघतील दहा माणसं. घरचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि ठरलं तरी ते तुला कळवावं असं आता वाटत नाही.

एवढं सगळं मी का लिहिलं, तेही सांगते. पुस्तक नाही हे एका ओळीत कळवता आलं असतं. पण तुझ्या सदराचं शेवटचं वाक्य सात आठवडे माझ्या डोक्यातून जात नाही. वाचकाला राहून राहून प्रश्न पडतो, असं तू लिहिलंस, की या बाईला जगात एकही मैत्रीण नव्हती का? त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. त्या गुरुवारी मी घरातून बोलत नव्हते. ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यावर बसले होते, शेजारी भरलेली बॅग होती, आणि शेवट तू मागितलास तेव्हा तो अजून घडलेला नव्हता. तुला घाई होती म्हणून मी काहीतरी सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर तेच केलं. बाईला मैत्रीण होती. तुझ्याकडची मागची खोली चार दिवस मिळेल का, एवढंच विचारायला तिने फोन लावला होता, आणि मैत्रिणीने फोन उचलून विचारलं, काय वाचलंस?

तुझीच,
टाचणी